जेम्स बुकर : न्यू ऑर्लिन्सचा डावा हात

मंद्रसप्तक

आपल्या या संस्थळावर जॅझबद्दल अधूनमधून छान धागे निघतात. एलिंग्टन झाला, माँक झाला, बिल इव्हान्सवर तर तावातावाने भांडणंही झाली. पण जॅझ आणि ब्लूज यांच्या मधल्या बांधावर आयुष्य काढलेल्या एका पियानोवादकाचं नाव अजून कुणीच काढलेलं नाही. जेम्स कॅरोल बुकर (तिसरा). जन्म १७ डिसेंबर १९३९, न्यू ऑर्लिन्स. मृत्यू ८ नोव्हेंबर १९८३, न्यू ऑर्लिन्स. उणंपुरं ४३ वर्षांचं आयुष्य.

बुकरबद्दल कुठेही वाचायला गेलात की पहिल्या परिच्छेदात डॉ. जॉनचं वाक्य भेटतं. न्यू ऑर्लिन्सने घडवलेला सर्वोत्तम काळा, समलिंगी, एकाक्ष, गर्दुल्ला, अलौकिक पियानोवादक, अशा अर्थाचं. डॉ. जॉन हा न्यू ऑर्लिन्सचाच नामवंत गायक-पियानोवादक, त्याचा दोस्त, ऑर्गन वाजवायलाही तो बुकरकडूनच शिकला, त्यामुळे हे सगळं प्रेमापोटी आलेलं आहे. पण वाक्य इतकं चटकदार आहे की वाचणारे तिथेच रमतात. मग किस्से सुरू होतात. डाव्या डोळ्यावरची काळी पट्टी आणि तिच्यावर चमचमणारा तारा. खांद्यावर केप, डोक्यावर विग, बोटांत अंगठ्या. डोळा कसा गेला हे तो प्रत्येकाला वेगळं सांगायचा, त्या सगळ्या कथा. स्वतःला दिलेल्या पदव्या : बायू महाराजा, पियानो प्रिन्स, ब्राँझ लिबराची (लिबराची म्हणजे झगमगीत पोशाखांसाठी गाजलेला पियानोवादक). मंचावर डायपर घालून आला तो प्रसंग.

हे सगळं आहेच. पण या झगमगाटाखाली त्याचं वाजवणं झाकलं गेलंय, असं मला मनापासून वाटतं. बुकर हा विसाव्या शतकातल्या सर्वांत शिस्तबद्ध, सर्वांत अभ्यासू पियानोवादकांपैकी एक होता. त्याचं जगणं विस्कटलेलं होतं, वाजवणं कधीच नव्हतं. (फार वाईट दिवस सोडून. ते दिवस होते, त्याबद्दल पुढे बोलूच.)

वडील आणि आजोबा दोघेही बाप्टिस्ट पाद्री, दोघेही पियानो वाजवणारे. बालपणाचा बराच काळ मिसिसिपीतल्या बे सेंट लुईस या समुद्रकाठच्या गावी गेला. आईने सॅक्सोफोन घेऊन दिला होता, पण पोराचा जीव पियानोत. रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय तालीम झाली. बाख, शोपँ ही त्याची रोजची भाकरी. न्यू ऑर्लिन्सला परतल्यावर झेवियर प्रेपरेटरी शाळेत गेला, तिथे ॲलन तुसाँसारखा मित्र मिळाला. दुसरीकडे तुट्स वॉशिंग्टनसारखे जुने बारवाले पियानोवादक होतेच, त्यांच्याकडून शहराची बोली उचलली. १९५४ मध्ये, १४ वर्षांचा असताना, इम्पीरियल कंपनीसाठी पहिली रेकॉर्ड झाली, निर्माता डेव्ह बार्थोलोम्यू. हाच बार्थोलोम्यू रॉक-अँड-रोलचा गायक-पियानोवादक फॅट्स डोमिनो याचा सूत्रधार. डोमिनो दौऱ्यावर असला की त्याच्या रेकॉर्डिंगमधला पियानो वाजवायला या पोराला बसवायचा. म्हणजे हुबेहूब दुसऱ्याच्या हाताने वाजवणं त्याला मिसरूड फुटायच्या वयातच साधलेलं होतं.

१९५८ मध्ये विख्यात शास्त्रीय पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन न्यू ऑर्लिन्सला आले होते. १८ वर्षांच्या बुकरने त्यांना वाजवून दाखवलं. इतक्या द्रुत लयीत हे मला कधीच जमणार नाही, असं रुबिनस्टाइन म्हणाल्याचं सांगतात. शोपँ वाजवणारा शतकातला सगळ्यात मोठा माणूस आणि वर्णभेद पाळणाऱ्या अमेरिकन दक्षिणेतला एक काळा मुलगा. रुबिनस्टाइनसमोर पियानोवर बसता आलं, तरी त्या काळात त्या मुलाला मैफलींचा मंच खुला नव्हता. बुकर नाईटक्लबात गेला त्यात निवडीचा भाग किती आणि नाइलाजाचा किती, हा प्रश्न मला कायम पडतो.

१९६० मध्ये 'गोंझो' आलं. गंमत म्हणजे हे पियानोवर नाहीच, ऑर्गनवर आहे. ह्यूस्टनच्या पीकॉक लेबलने काढलं, बिलबोर्डच्या पॉप यादीत ४३ व्या क्रमांकावर गेलं, ऱ्हिदम-अँड-ब्लूजच्या यादीत तिसऱ्या. आयुष्यातलं हे एकमेव हिट. पुढची दहा वर्षं इतरांच्या बँडमध्ये, स्टुडिओत. १९७० मध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल लुइझियानाच्या अंगोला तुरुंगात रवानगी झाली. बाहेर आल्यावर पुन्हा स्टुडिओ, पुन्हा दौरे, आणि मग एकदाचा १९७६ चा 'जंको पार्टनर'.

हा अल्बम काढला तो जो बॉइड या निर्मात्याने. फक्त पियानो आणि बुकरचा आवाज. सुरुवातच 'ब्लॅक मिनिट वॉल्ट्झ'ने होते. शोपँचा तो सुप्रसिद्ध छोटा वॉल्ट्झ, पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांखालून गेलेला. बुकर त्याची टिंगल करत नाही, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. उजव्या हाताची ती भिरभिरती सुरावट ओळखू येत राहते, पण खालची जमीन हळूच सरकते आणि पॅरिसचा दिवाणखाना न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीत येऊन उभा राहतो. शोपँला त्याने आपल्या गावात राहायला बोलावलंय. त्याच अल्बममध्ये शीर्षकगीत येतं, तुरुंगवाऱ्या केलेल्या गर्दुल्ल्याचं जुनं गाणं, ज्यात अंगोलाचा उल्लेख आहे. अनेकांनी गायलंय. पण तिथे राहून आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो मात्र ते हसत हसत गातो.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. जाणकारांनी भर घालावी.

पेटीवाला

वा! वाचनखूण साठवली. मी भजनात साथ करतो, त्यामुळे मंद्रसप्तक, शीर्षकातला डावा हात वाचूनच आत आलो. आमचा डावा हात भात्यावर, सूर सगळे उजव्याच्या वाट्याला. पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात हे कळतं, पण बुकरचा डावा असं वेगळं काय करतो? नुसतं 'अद्भुत' म्हणू नका, नीट सांगा.

मंद्रसप्तक

पेटीवालेदादा, असाच प्रश्न हवा होता.

जुन्या जॅझ पियानोत डाव्या हाताची एक ठरलेली चाल आहे, तिला स्ट्राइड म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खालचा जाड स्वर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वर उडी मारून मधल्या सप्तकातला स्वरमेळ. धम्-चक, धम्-चक. जेली रोल मॉर्टन, फॅट्स वॉलर यांनी ही चाल पराकोटीला नेली. न्यू ऑर्लिन्सच्या पाण्यात क्यूबाकडून आलेल्या हबानेरा या नाचाच्या लयीचा झोल मिसळलेला आहे, तो तिथल्याच प्रोफेसर लाँगहेअर या पियानोवादकाने पुढे रुंबा-बूगीत आणला. त्यामुळे तिथला डावा हात सरळ चालत नाही, डुलत चालतो.

बुकरने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. त्याच्या डाव्या हातात करंगळीकडे बास आहे आणि अंगठ्याकडच्या बोटांत मधला स्वरमेळ, तोही मात्रेच्या अधेमध्ये टोचणारा. एवढ्यावर भागत नाही. उजव्या हाताचंही त्याने विभाजन केलं. वरच्या दोन बोटांत गाण्याची सुरावट, आणि अंगठा व शेजारची बोटं डाव्या हाताने सोडलेल्या फटी भरत राहतात. दोन्ही हातांचे अंगठे पियानोच्या मध्यावर जणू तिसरा वादक तयार करतात. त्यात तो वरून गातोय, आणि गाण्याची लय पियानोच्या किंचित मागे ठेवतोय.

म्हणजे एकाच माणसाने पखवाज, टाळ, वीणा आणि अभंग एकहाती सांभाळावा तसा प्रकार. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की दोन पियानो आहेत.

'ऑन द सनी साइड ऑफ द स्ट्रीट' ऐका, 'जंको पार्टनर'मधलं. पहिल्या फेरीत फक्त खालच्या पट्ट्यांकडे लक्ष द्या, वरच्या सुरावटीकडे कान जाऊ देऊ नका. दुसऱ्या फेरीत फक्त मधला भाग धरा. मग पूर्ण ऐका. तीन वेगळी माणसं वाजवतायत आणि तिघंही एकमेकांना जागा देतायत, हे लक्षात येईल. जागा देणं मला सगळ्यात कठीण वाटतं. इतकं सगळं भरून वाजवूनही गर्दी होत नाही.

पेटीवाला

आताच सांगितल्याप्रमाणे ऐकलं. मधला भाग वेगळा धरायला वेळ लागला, पण एकदा सापडल्यावर सुटेना. अंगठ्यांचं काम जबरदस्त आहे. आमच्याकडे तबल्यामागे लहरा (तीच सुरावट पुन्हा पुन्हा) धरताना स्वर सोडायचे कुठे, हेच शिकवायला गुरुजींना सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

भटकभवानी

मी ह्यूस्टनला असते, न्यू ऑर्लिन्स गाडीने पाच-सहा तासांवर. बुकर वाजवायचा त्या मेपल लीफ बारला गेलेय. फ्रेंच क्वार्टरच्या पर्यटकी गर्दीपासून लांब, ओक स्ट्रीटवर. लांबोळका, अरुंद जागा, छताला नक्षीचे पत्रे. मी गेले तेव्हा मंगळवार होता, म्हणजे रीबर्थ ब्रास बँडची रात्र. इतकी गर्दी की श्वास घ्यायची पंचाईत. बुकरबद्दल तेव्हा काहीच माहीत नव्हतं. हा बार आणि बुकर यांचं नातं नेमकं काय, ते लिहा ना.

मंद्रसप्तक

भटकभवानीताई, तुम्ही त्याच्या घरीच जाऊन आलात म्हणायचं.

१९७६ ते ७८ या काळात बुकर युरोपात गाजत होता. झ्युरिच, माँट्रो, आणि १९७७ मध्ये तर पोलादी पडद्यापलीकडे, पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये. तिथल्या श्रोत्यांनी त्याला शास्त्रीय संगीतकाराचा मान दिला. सभागृह शांत, लोक टाचणी पडली तरी ऐकू येईल असे बसलेले. झ्युरिचची रेकॉर्ड ऐकली की कळतं, त्याच्या बोटांना ते मौन किती मानवलं होतं.

आणि मग तो गावी परत आला. मेपल लीफमध्ये ठरलेला वादक म्हणून बसू लागला. पियानो तसाच, बारमधला असतो तसा. ऐकायला कधी खच्चून गर्दी, कधी मोजकी डोकी, तीही आपापल्या गप्पांत. माणूस तोच, बोटं तीच. कधी असं वाजवायचा की वेटरही थांबायचे, कधी वाजवणं सोडून सीआयएबद्दल बडबडत बसायचा, कधी यायचाच नाही.

बारचा एक मालक जॉन पार्सन्स. त्याने टेप चालू ठेवल्या. हे त्याचे उपकार आहेत आपल्यावर. साठ तासांहून जास्त रेकॉर्डिंग जमलं, आणि त्यातून निवडून १९९३ मध्ये दोन अल्बम निघाले, 'स्पायडर्स ऑन द कीज' आणि 'रिसरेक्शन ऑफ द बायू महाराजा'. पहिल्यात फक्त पियानो. त्यात 'एलिनॉर रिग्बी' आहे, 'बेसामे मुचो' आहे, 'मालागेन्या' आहे. एका बारमध्ये, मागे बाटल्या आणि ग्लासांचा किणकिणाट चालू असताना. मला स्टुडिओतल्या बुकरपेक्षा हा बुकर जास्त जवळचा वाटतो.

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे, पण एक खटकलं ते लिहितो. प्रत्येक व्यसनी कलावंताबद्दल आपण असंच लिहितो. 'जगणं विस्कटलेलं, कला दैवी.' तरुण पोरं हे वाचतात आणि त्यांना वाटतं की विस्कटणं ही कलेची किंमतच आहे. हेरॉइन न घेता याने आणखी तीस वर्षं वाजवलं असतं. माझ्या जवळच्या एका वादक मित्राला दारूने नेलं, म्हणून तळमळीने लिहितोय.

मंद्रसप्तक

स्पष्टवक्ता, तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि मूळ लेखातही मला हेच म्हणायचं होतं. व्यसनाने बुकरला काहीही दिलं नाही. जे होतं ते घेऊन गेलं.

'क्लासिफाइड'ची गोष्ट पाहा. १९८२ चा ऑक्टोबर. राउंडर कंपनीचा स्कॉट बिलिंग्टन निर्माता, सोबत जॉन पार्सन्स. सॅक्सोफोनवर रेड टायलर, बासवर जेम्स सिंगलटन, ड्रम्सवर जॉनी व्हिडाकोव्हिच, सगळे त्याला वर्षानुवर्षं ओळखणारे. सुरुवातीच्या दिवसांत हाताशी फारसं काही लागलंच नाही. बुकरचं मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटी काही तासांत बहुतेक अल्बम उरकला. तो उत्तम आहे, पण ऐकताना कळतं की हा माणूस काय काय करू शकला असता. त्याच्या हयातीत आलेल्या त्याच्या स्वतःच्या अल्बमांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. एवढ्या ताकदीच्या वादकाचं इतकंच काम मागे उरावं, हीच व्यसनाची खरी जमाखर्चाची वही.

याच सुमारास त्याने सरळ मार्गाला लागायचाही प्रयत्न केला. शहराच्या सिटी हॉलमध्ये कारकुनाची नोकरी धरली. केप आणि तारा बाजूला ठेवून टेबलामागे बसलेला बुकर. ते टिकलं नाही.

शेवट तर लिहवत नाही. ८ नोव्हेंबर १९८३. चॅरिटी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, चाकांच्या खुर्चीत बसून, नंबर लागायची वाट पाहता पाहता गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. गोरगरिबांचं सरकारी इस्पितळ ते, तिथे रांगेत बसलेल्या अनेकांपैकी एक. यात दैवी काही नाही.

भूलतज्ज्ञ

त्याच्या व्यसनाची सुरुवात लहानपणच्या अपघातातून झाली असं मागे वाचलं होतं. खरं का? वैद्यकीय बाजूने विचारतेय.

मंद्रसप्तक

डॉक्टर, तो स्वतः तसं मानायचा. नऊ-दहा वर्षांचा असताना भरधाव रुग्णवाहिकेने त्याला उडवलं, पायाचा चुराडा झाला, वेदना थांबवायला मॉर्फीन दिलं. पुढे आयुष्यभर तो या घटनेकडे बोट दाखवायचा. थोडा लंगडायचाही.

भूलतज्ज्ञ

धन्यवाद. दुखण्यासाठी मोजके दिवस दिलेल्या मॉर्फीनमुळे आयुष्यभराचं व्यसन लागतंच असं नाही, आम्ही मुलांना शस्त्रक्रियेनंतर ते देतो आणि बहुसंख्य मुलांना पुढे काही होत नाही. पण त्या मुलाला ती गुंगी कायम आठवत राहिली असेल, हे पटतं. आणि नंतर आजूबाजूला काय होतं तेही पाहायला हवं. काळा, समलिंगी, एक डोळा गेलेला, साठ-सत्तरच्या दशकातली दक्षिण. रात्री क्लबमध्ये काम, तिथेच माल विकणारे. मदत मागायला जायचं कुठे? मला त्याच्या भडक कपड्यांकडे बघताना वाटतं की हा माणूस लपायला तयार नव्हता. तुम्ही त्याला झगमगाट म्हणालात, मला त्यात धाडस दिसतं.

मंद्रसप्तक

हे फार आवडलं. या बाजूने मी पुरेसं पाहिलं नव्हतं. त्या शहरात, त्या काळात, स्वतःच्या लैंगिकतेबद्दल उघडपणे वावरणारा काळा कलावंत विरळाच.

दर्यावर्दी

थोडं अवांतर. न्यू ऑर्लिन्सचा पियानो मुंबईला फार पूर्वी येऊन गेलाय. टेडी वेदरफोर्ड. जन्म व्हर्जिनियाचा, पण कोवळ्या वयात न्यू ऑर्लिन्सला राहून पियानो शिकला. पुढे शिकागो, तिथून शांघाय, आणि १९३० च्या दशकात मुंबईचं ताजमहाल हॉटेल. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्या काळात ताजमध्ये आलेल्या या काळ्या अमेरिकन वादकांना ऐकून आमच्या गोंयकारांचे कान तयार झाले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ हे त्याच पिढीतले, आणि पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट कसा घुमला ते सगळ्यांना ठाऊक आहे. बुकरचा याच्याशी थेट संबंध नाही, पण ज्या गावच्या पाण्यात बुकर वाढला त्याची चव आपल्या हिंदी गाण्यांत आधीच आलेली आहे.

मंद्रसप्तक

दर्यावर्दी, हे अवांतर नाहीच. वेदरफोर्डवर वेगळा धागा काढा, वाट बघतो.

रानफूल

मला न्यू ऑर्लिन्सचा फक्त गायक-पियानोवादक हॅरी कॉनिक ज्युनिअर माहीत होता, कॉलेजात असताना त्याची गाणी खूप ऐकली. तो बुकरचा शिष्य होता हे आज कळलं. हे कसं जुळलं? वडील सरकारी वकील होते ना?

मंद्रसप्तक

हो, आणि हा भाग मला अतिशय हृद्य वाटतो. हॅरी कॉनिक सीनिअर हे तेव्हा न्यू ऑर्लिन्सचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी होते. म्हणजे बुकरसारख्यांवर खटले भरणं हेच त्यांचं काम. पण स्वतः गाणारे, संगीतवेडे. बुकरच्या कायद्याच्या भानगडींत त्यांनी मदत केली, आणि बुकरने त्यांच्या लहान मुलाला पियानो शिकवला. हॅरी ज्युनिअर आजही बुकरबद्दल बोलताना हळवा होतो. लिली केबरने २०१३ मध्ये बुकरवर 'बायू महाराजा' हा माहितीपट केला. त्यात हॅरी पियानोशी बसून गुरूचा डावा हात उलगडून दाखवतो. पेटीवालेदादा, तुम्ही तो नक्की बघा. मी वर शब्दांत जे सांगायची धडपड केली ते तिथे बोटांनी दिसतं.

ऐकायला सुरुवात कुठून करायची हे दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय, म्हणून इथेच सांगतो. आधी 'जंको पार्टनर', पूर्ण, गाणी न गाळता. मग झ्युरिचचा 'न्यू ऑर्लिन्स पियानो विझार्ड'. त्यानंतर 'स्पायडर्स ऑन द कीज', रात्री, हेडफोन लावून. 'क्लासिफाइड' शेवटी. 'पापा वॉज अ रास्कल' मात्र कधीही ऐका. त्याचं स्वतःचं गाणं आहे, घरच्यांबद्दलचं, आणि त्यातला डावा हात ऐकून पियानो शिकणारी माझी भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण ती सरावाला बसली होती.

पेटीवाला

माहितीपट शोधतो. भाचीला विचारा, डाव्या करंगळीचा ताण कसा सोडवते. माझी आत्ताच दुखायला लागलीय.

मंद्रसप्तक

विचारलं. म्हणते, मनगट पट्ट्यांच्या वर थोडं उचलून ठेवा, बासच्या स्वरावर हाताचं वजन टाका आणि बोट लगेच सैल सोडा. लय निम्मी करून फक्त डावा हात, मेट्रोनोमवर (लय मोजणाऱ्या यंत्रावर). उजवा त्यानंतरच.